पंचनाम्यात नसलेला रकाना

रायगड जिल्ह्यात जुलै म्हणजे भाताची लावणी, आणि जुलै म्हणजेच पूर. पेणची भोगावती, रोह्याची कुंडलिका, नागोठण्याची अंबा या नद्या दर पावसाळ्यात एकदा तरी काठ सोडतात आणि काठावरची माणसंही ते धरूनच चालतात. १९८९च्या २३ आणि २४ जुलैला अंबेने जे केलं ते मात्र या हिशेबात बसणारं नव्हतं. घाटाखालून निघालेली ही नदी सुधागड तालुक्यातलं जांभूळपाडा, मग पालीचा परिसर मागे टाकून नागोठण्याला येते आणि पुढे धरमतरच्या खाडीला मिळते. त्या रात्री घाटमाथ्यावर कोसळलेलं पाणी याच वाटेने उतरलं. जांभूळपाड्यात ते नुसतं घरांत शिरलं नाही, घरं घेऊनच पुढे गेलं. माणसं गेली, दावणीची गुरं गेली, लावणी झालेली खाचरं गाळाखाली गेली.

नागोठणं हे रोहा तालुक्यातलं जुनं बंदर. सोळाव्या शतकातला दगडी पूल इथे अजून उभा आहे, यावरून गावाचं वय कळावं. वरून डोंगराचं पाणी आणि खालून खाडीची भरती, या कात्रीत हे गाव कायमच असतं. एकोणनव्वदच्या पुराने बाजारपेठ धुऊन नेली. लोक त्यातून सावरत होते तोच, सव्वा वर्षाने, ५ नोव्हेंबर १९९० रोजी नागोठण्याजवळच्या आयपीसीएलच्या नव्या गॅस क्रॅकर प्रकल्पात वायुगळती होऊन स्फोट झाला. तीसहून अधिक माणसं दगावली. एक संकट आभाळातून आलं, दुसरं नळीतून. दोन्ही एकाच तालुक्यात, सोळा महिन्यांच्या आत.

पूर ओसरला की तलाठी येतो. पंचनामा होतो. घर पूर्ण पडलं की अंशतः, जनावर दुभतं की ओढकामाचं, पीक किती गुंठ्यांतलं, घरातलं कोण गेलं, वारस कोण. हे रकाने भरल्याशिवाय सानुग्रह अनुदान निघत नाही, म्हणून ते महत्त्वाचे आणि भरणाऱ्याला दोष देण्याचं कारण नाही. पण वाचलेल्या माणसाच्या मनाचं काय झालं यासाठी त्या कागदावर रकाना नव्हता. पाऊस वाढला की रात्रभर उंबऱ्यात बसून राहणारी बाई, मुलाचा हात सुटला ही गोष्ट कुणालाच न सांगणारा बाप, या गोष्टी घरातच राहिल्या. कुणी देवाला सांगितलं, कुणी दारूला.

नेमक्या याच दोन-तीन वर्षांत जगाच्या दुसऱ्या टोकाला काही मानसशास्त्रज्ञ वाचलेल्या माणसांना एक विचित्र प्रश्न विचारू लागले होते. जे घडलं त्यातून तुमचं काही बरंही झालं का?

प्रश्न विचित्र वाटण्याला कारण होतं. तोवरच्या अभ्यासाचा सगळा रोख इजेवर होता. व्हिएतनाममधून परतलेल्या अमेरिकी सैनिकांची दुःस्वप्नं, दचकणं, आतून बधिर होणं या लक्षणांना १९८० साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत आघातोत्तर ताणविकार म्हणून जागा मिळाली. हे मोठं काम होतं. माणूस भित्रा म्हणून नाही, तर त्याच्यावर घडलेल्या गोष्टीमुळे आजारी पडतो, ही गोष्ट त्यामुळे अधिकृत झाली. त्याचा एक परिणाम असाही झाला की आघात म्हटला की संशोधक फक्त लक्षणं मोजू लागले.

दुःखातून माणूस मोठा होतो ही कल्पना अर्थातच जुनी. व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांकल यांनी नाझी छळछावण्यांतून सुटल्यावर १९४६ साली लिहिलेल्या पुस्तकात तिला आधुनिक रूप दिलं. आपल्याकडे तर इतक्या लांब जायचीही गरज नाही. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात पंडिता रमाबाईंचे आईवडील आणि बहीण गेली, पुढे भाऊ गेला, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच १८८२ साली पती कॉलऱ्याने गेले. त्यानंतर सात वर्षांनी, १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदासदन काढलं, आणि १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुलींना वाचवून आणलं. दुष्काळाने आपलं काय केलं हे त्या विसरल्या नव्हत्या, म्हणूनच तिकडे गेल्या असं म्हणायला जागा आहे. पण रमाबाई म्हणजे रमाबाई. असामान्य माणसाची गोष्ट सांगून आपण सामान्य माणसाला उपदेश करतो, त्याला काही विचारत नाही. १९८०च्या दशकाअखेर जे नवं झालं ते एवढंच की कुणीतरी सामान्य माणसांना विचारलं.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झीब्रुगे बंदरातून निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही ब्रिटिश फेरीबोट पुढचा दरवाजा उघडा राहिल्याने काही मिनिटांत कलंडली. १९३ माणसं मेली. बचावलेल्यांच्या तपासण्या लंडनमध्ये सुरू झाल्या, त्या पथकात स्टीफन जोसेफ हा तरुण संशोधक होता. तीन वर्षांनी पुन्हा प्रश्नावली पाठवताना त्यात आयुष्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली का, बदलली असेल तर बरी झाली की वाईट, असाही प्रश्न टाकला गेला. ४६ टक्के लोकांनी वाईट झाली म्हणून सांगितलं. ४३ टक्के म्हणाले, बरी झाली. या दुसऱ्या आकड्याची संशोधकांना अपेक्षा नव्हती. आणि ही माणसं बरी झालेली होती असंही नव्हे. त्यांच्यातल्या अनेकांना दुःस्वप्नं पडतच होती.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या विभागात रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून हे दोघे वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोचत होते. ते जोडीदार गमावलेल्या, अपंगत्व आलेल्या माणसांशी बोलत. बोलणाऱ्यांच्या तोंडून रडण्याच्या मधेच काही वाक्यं यायची: आता मी एकटी बँकेत जाते, आता शेजारणीशी मनातलं बोलते, आता सकाळ झाली तरी बरं वाटतं. १९९५ साली त्यांनी यावर पुस्तक लिहिलं आणि आघातोत्तर वाढ ही संज्ञा रूढ केली. पुढच्याच वर्षी मोजपट्टी आली. एकवीस विधानं, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, आणि त्यांतून बदलाची पाच क्षेत्रं: माणसांशी नातं, नव्या वाटा, स्वतःच्या बळाची जाण, आयुष्याची किंमत कळणं आणि आध्यात्मिक बदल.

पण १९९३च्या सप्टेंबरअखेरपर्यंत ही मोजपट्टी अस्तित्वात नव्हती. त्या वर्षी पेणच्या कारखान्यांतून नेहमीप्रमाणे गणपती राज्यभर गेले, दहा दिवस बसले, आणि अनंत चतुर्दशीला त्यांचं विसर्जन झालं. मिरवणुका आटोपून मराठवाड्यातली गावं उशिरा झोपली. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली.

लातूर जिल्ह्यातला औसा आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातला उमरगा या तालुक्यांत मिळून सरकारी हिशेबाने आठ हजारांच्या आसपास माणसं मेली. त्यांना भूकंपाने मारलं यापेक्षा घरांनी मारलं म्हणणं जास्त खरं. मातीत रचलेल्या दगडगोट्यांच्या दोन-दोन फुटी भिंती आणि वर दरवर्षी माती चढवून जड झालेलं माळवद. भिंत आतून फुगली, बाहेरचा थर सुटला आणि माळवद झोपलेल्यांवर बसलं. बावन्न गावं अशी जमीनदोस्त झाली की ती नव्या जागी वसवायची ठरलं.

मनाचं काय झालं हे मराठी मुलखात पहिल्यांदा पद्धतशीरपणे विचारलं गेलं ते इथे. पुण्याचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. मोहन आगाशे, रंगभूमीमुळे सर्वांच्या ओळखीचे, यांच्या पुढाकाराने भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या मदतीने भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. डॉक्टरांच्या दुसऱ्या एका गटाचा छोटा अहवाल १९९६ साली अमेरिकेतल्या नामांकित नियतकालिकात छापून आला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांत कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता, प्रामुख्याने आघातोत्तर ताणविकार आणि नैराश्य. प्रश्न अजून इजेचाच होता, आणि तो तसाच असायला हवा होता. घरातली पाच माणसं ढिगाऱ्यातून काढलेल्या माणसाला कुणी "यातून काय शिकलात?" असं विचारलं असतं तर त्याने दगड उचलला असता.

तरीही किल्लारी परिसरात मोजपट्टीवाचून काही घडत होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम आखला. बावन्न गावांचं स्थलांतर हा त्याचा एक भाग. दुसरा, कमी चर्चेतला भाग असा की बाराशेच्या आसपास गावांत घरं जागच्या जागी दुरुस्त आणि मजबूत करायची होती. पैसे घरमालकाच्या खात्यात हप्त्याहप्त्याने येणार, काम त्यानेच करून घ्यायचं, इंजिनिअरने पाहून पुढचा हप्ता सोडायचा. एवढ्या गावांत सरकार आणि घरं यांच्यामध्ये बोलणारं कोण? प्रेमा गोपालन यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने सुचवलं, गावातल्या महिला मंडळांतून बाया निवडा. त्यांना नाव मिळालं संवाद सहायक.

या बायांना काय काय शिकावं लागलं ते पाहण्यासारखं आहे. भिंतीच्या दोन थरांना एकत्र धरणारा, आरपार जाणारा दगड किती अंतरावर हवा. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा आधार कसा द्यायचा. माळवदावरची किती माती उतरवली की छप्पर हलकं होईल. भिंतीभोवती पट्टा ओतताना सळई कुठे वाकवायची. ज्या बाईने त्याआधी गवंड्याशी डोळ्याला डोळा भिडवून बोलणं केलं नव्हतं, ती आता त्याला काम थांबवायला सांगत होती, आणि ग्रामसभेत उभी राहून हप्ता का अडला ते विचारत होती. पुढे याच मंडळांतून बचत गट उभे राहिले. २००१च्या जानेवारीत भूज हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या बाया तिथल्या बायांना घर कसं बांधून घ्यायचं हे सांगायला गुजरातेत गेल्या. डिसेंबर २००४च्या त्सुनामीनंतर त्या तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचल्या. भाषा येत नव्हती, पण भिंत कशी पडते हे माहीत होतं.

योगायोग असा की टेडेस्की आणि कॅल्हून यांनी आपला सिद्धान्त समजावताना दाखला घेतलाय तो भूकंपाचाच. जग बऱ्यापैकी न्यायी आहे, आपल्या माणसांना काही होणार नाही, अशा गृहीतकांवर आपण मनाची इमारत उभी करतो. रॉनी जॅनॉफ-बुलमन यांनी १९९२ साली या गृहीतकांच्या कोसळण्यावरच पुस्तक लिहिलं होतं. आघाताने ती इमारत पडते. मग माणूस पुन्हा बांधतो, आणि पुढचा हादरा सोसेल अशी बांधतो. या दोघांनी हेही बजावलंय की वाढ आघातातून येत नाही, त्यानंतरच्या झगड्यातून येते. सुरुवातीला आठवणी स्वतःहून आदळत राहतात, त्या वेळी फक्त वेदना असते. पुढे कधीतरी माणूस त्याच गोष्टीचा मुद्दाम विचार करू लागतो, कुणी ऐकणारं असेल तर बोलू लागतो, आणि बदल झालाच तर इथून होतो. दुःख मात्र जात नाही, ते सोबत चालतं.

किल्लारीच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. संवाद सहायकांची गोष्ट प्रामुख्याने दुरुस्तीच्या गावांतली. घर तडकलं होतं, पण घरातली माणसं बहुतेक वाचली होती, शेत होतं तिथेच होतं. बावन्न गावांत उलट. तिथे माणसं गेली, आणि जुन्या गल्ल्या, वाडे, पार सोडून लोक सरळ रेषांत आखलेल्या वसाहतींत राहायला गेले. पक्कं घर मिळालं, शेत लांब पडलं आणि शेजार विस्कटला. तिथल्या मुलांचा प्रश्न वेगळाच होता. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली, आणि त्यांतले अनेक जण शिकून उभे राहिले. पण सगळ्या किल्लारीला एकच प्रेरणादायी गोष्ट म्हणून सांगणं म्हणजे सर्वांत जास्त गमावलेल्यांच्या तोंडी दुसऱ्यांचे शब्द घालणं. मला तरी असं दिसतं की वाढ तिथे दिसली जिथे माणसाला स्वतःच्या पुनर्बांधणीत हात घालायला मिळाला. ज्याच्या हातात नुसती किल्ली दिली तो लाभार्थी झाला.

एकविसाव्या शतकात आघातोत्तर वाढीवर संशोधनाचा पूर आला. कर्करोगाचे रुग्ण, युद्धातून परतलेले, त्सुनामीतून वाचलेले, सर्वांपुढे ती एकवीस विधानं ठेवली गेली. शंकाही लगेच आल्या. आंद्रेआस मेर्कर आणि तांजा झोएलनर यांनी २००४ साली म्हटलं की या वाढीला दोन तोंडं आहेत. एक खऱ्या बदलाचं, दुसरं मनाची समजूत घालणाऱ्या भ्रमाचं. पॅट्रिशिया फ्रेझर यांच्या गटाने २००९ साली त्याहून कडक परीक्षा घेतली. विद्यार्थ्यांची माहिती आधीच घेऊन ठेवली, काही आठवड्यांनी ज्यांच्यावर मधल्या काळात आघात झाला त्यांना पुन्हा तपासलं. "मी बदललो" असं लोक जेवढं सांगत होते आणि आधी-नंतरच्या मोजमापांत जेवढा बदल दिसत होता, यांचा मेळ फारसा बसला नाही. आठवणीवर विसंबून वाढ मोजली की हा घोटाळा होणारच. काल आपण किती कोते होतो हे सांगताना माणूस थोडी तिखटमिठाची भर घालतोच.

दुसरा धोका शास्त्रातला नाही, समाजातला आहे. २०१० साली पेण अर्बन बँक बुडाली. मुलीच्या लग्नाचे, निवृत्तीचे, गणपतीच्या हंगामाचे पैसे अडकले आणि ठेवीदार वर्षानुवर्षं मोर्चे काढत, कोर्टाच्या तारखा मोजत राहिले. त्या रांगेतल्या म्हाताऱ्याला "संकटाने माणूस घडतो" असं ऐकवणं सोपं आहे, आणि ऐकवणाऱ्याला त्याचे पैसे परत द्यावे लागत नाहीत. वाढीची भाषा पाहता पाहता जबाबदारी झटकण्याची भाषा होते. टेडेस्की यांच्या मांडणीत वाढ ही कुणाकडून अपेक्षा करायची गोष्टच नाही. ज्याची वाढ झाली नाही तो कुठे कमी पडला असाही अर्थ निघत नाही.

रायगडला तर शिकवणी संपायचीच नव्हती. जुलै २००५च्या अतिवृष्टीत महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते आणि रोहन या गावांवर दरडी कोसळल्या. त्याच वर्षाअखेर देशाचा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला. ओडिशाचं चक्रीवादळ, भूज आणि त्सुनामी यांतून बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने मनोसामाजिक मदतीची जी पद्धत बसवली होती, तिच्या आधाराने राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने डिसेंबर २००९ मध्ये खास मानसिक आरोग्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. एकोणनव्वदच्या पंचनाम्यात नसलेला रकाना वीस वर्षांनी निदान कागदावर आला. गावातल्याच माणसांना, अंगणवाडी सेविकांना, शिक्षकांना ऐकून घेण्याचं प्रशिक्षण द्यायचं, हा त्यातला कळीचा भाग. पेणच्या खारेपाटाला हे नवं वाटू नये. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली की तिथे कंत्राटदाराची वाट पाहिली जात नसे, गावकी माती घेऊन धावत असे.

२२ जुलै २०२१ रोजी महाडच्या तळिये गावावर डोंगर आला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आणि १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता, यंत्र चढेना, जवानांनी चिखलात चालत जाऊन हातांनी खोदलं. २७ मृतदेह सापडले. २३ जुलैला शोध थांबवला तेव्हा ५७ जण बेपत्ता होते. त्यांना मृत धरण्यात आलं आणि तो डोंगरउतारच त्यांची जागा ठरला. चौकजवळ सिडकोने ४४ घरांची वसाहत उभारायला घेतली.

अमेरिकेच्या पॉलीन बॉस यांनी अशाच, देह न मिळालेल्या मरणांचा आणि बेपत्ता माणसांच्या घरच्यांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचं म्हणणं असं की इथे दुःखाला शेवट शोधायला जाऊ नये. माणूस गेलाही आहे आणि गेला नाहीही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी धरून जगायला घरच्यांना मदत करावी, आणि ती मदत त्या एकट्याला दवाखान्यात बोलावून करण्यापेक्षा त्याच्या नात्यागोत्यात, वस्तीत बसून करावी. इर्शाळवाडीच्या ४४ घरांसाठी यातला दुसरा भाग शक्य कोटीतला आहे. वाडी विखुरली नाही, ठाकरांची कुटुंबं एकाच वसाहतीत शेजारीशेजारी ठेवायचं ठरलं. पहिला भाग किती जमला, हे ती एकवीस विधानं पुढे करून कळणार नाही. तिथे पाच-दहा वर्षं कुणीतरी जाऊन बसावं लागेल.